जीवनगौरव आधी कागदावर, मग मंचावर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाविद्यालयीन खेळांसाठी आयुष्य वेचलेल्यांचा जीवनगौरव करायचा आणि त्याच कार्यक्रमात गरजू खेळाडूंसाठी निधी उभा करायचा, असा विषय सोलापुरातल्या माजी विद्यार्थी संघांत, क्लबांत आणि जिमखान्यांत वरचेवर निघतो. विषय चांगलाच आहे आणि असे कार्यक्रम व्हायलाच हवेत. मात्र गौरव आणि देणगी एका मंचावर आली की देणगी गौरवाला ओढत नेते. मान कुणाचा हे कामावरून ठरायला हवे, ते ओळखीवरून आणि आकड्यावरून ठरू लागते. म्हणून या पत्रातून आमचे मुख्य सांगणे एवढेच की सत्कारमूर्ती आणि त्यांचे काम निधीची पहिली पावती फाडण्याआधी कागदावर पक्के करावे. ते कसे करावे, पैसे कसे जमवावेत आणि कुठे चुकते, हे थोडे विस्ताराने लिहीत आहोत. पत्र लांबले आहे, जागा द्यावी ही विनंती.

जीवनगौरव म्हटले की नावाजलेला खेळाडू किंवा फार तर प्रशिक्षक आठवतो. महाविद्यालयाचा खेळ मात्र बऱ्याच हातांवर चालतो. कसोटीपटू पॉली उम्रीगर यांचा जन्म सोलापूरचा, १९२६ सालचा. भारत दौऱ्यावर आलेल्या वेस्ट इंडिजविरुद्ध १९४८ मध्ये संयुक्त विद्यापीठ संघाकडून त्यांनी नाबाद ११५ धावा केल्या आणि त्याच मोसमात त्यांना कसोटी संघाचे दार उघडले. विद्यापीठाच्या संघातून खेळाडू कुठवर जाऊ शकतो याचा हा दाखला आहे. तो संघ उभा करणारा, खेळपट्टीवर रूळ फिरवणारा, कागद वेळेत पोहोचवणारा माणूस कोण होता, हे सहसा कुठे लिहिलेले सापडत नाही. खाशाबा जाधवांच्या बाबतीत निदान एक नाव टिकले आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. महाविद्यालयीन खेळासाठीचे योगदान आणि निधी संकलन या दोन्ही गोष्टी त्या एका व्यवहारात आहेत, आणि जीवनगौरवाचा माणूस शोधताना नजर तिथवर जायला हवी.

मैदान आखणाऱ्या माणसाचेच काम जवळून पाहा. गवती मैदानावर चारशे मीटरचा ट्रॅक फक्कीने, म्हणजे रेघा मारायच्या पांढऱ्या भुकटीने, आखायचा असतो. लेनची रुंदी १.२२ मीटर. बाहेरच्या लेनचे वळण लांब पडते, म्हणून त्या धावपटूला पुढून सोडावे लागते, त्याला स्टॅगर म्हणतात. ट्रॅकची आतली कड उंच, म्हणजे कर्बची असेल तर पहिली लेन कडेपासून ३० सेंटिमीटरवर मोजतात आणि बाकीच्या लेन आतल्या रेघेपासून २० सेंटिमीटरवर. त्यामुळे दुसऱ्या लेनचा स्टॅगर ७.०४ मीटर येतो आणि पुढच्या प्रत्येक लेनला ७.६७ मीटर वाढतात. आतली कड नुसत्या फक्कीच्या रेघेची असेल तर पहिली लेनही २० सेंटिमीटरवर मोजायची, आणि मग दुसऱ्या लेनपासूनच ७.६७ धरायचे. पुस्तकातले ७.०४ डोळे झाकून गवतावर टाकले की पहिल्या लेनचा धावपटू सोडून बाकी सातही जणांना ६३ सेंटिमीटर जास्त धावावे लागते. पन्नास सेकंदांत चारशे मीटर धावणाऱ्या मुलाचे यात सेकंदाचे आठ शतांश जातात. निवड चाचणीत एवढ्या फरकाने नाव कटते आणि मुलाला त्याचे कारणही कळत नाही. हे गणित तोंडपाठ असलेला, टेप आणि खिळे घेऊन पहाटे पाचला मैदानावर उतरणारा मामा ज्या महाविद्यालयात वर्षानुवर्षे होता, त्या महाविद्यालयाच्या खेळात त्याचा वाटा मोठा आहे.

खो-खोचेही तेच. मैदान २७ बाय १६ मीटर, दोन टोकांना १२० सेंटिमीटर उंचीचे गुळगुळीत खांब. खांब जमिनीत हलका बसला असेल तर पोल-डाइव्ह, म्हणजे खांब धरून सूर, मारणाऱ्याचा हात सुटतो आणि खांदा निखळतो. मुरमाच्या मैदानावर आदल्या संध्याकाळी पाणी, सकाळी रूळ, मग खडे वेचणे, मग आखणी, हा क्रम मोडला तर गुडघे फुटतात. फक्की संपली म्हणून कुणी साधा चुना टाकला तर सूर मारणाऱ्यांच्या कातडीला आणि डोळ्यांना भाजते. हे सगळे ज्याला कळते त्याच्या नावावर एकही पदक नसते.

शारीरिक शिक्षण संचालकांचे बरेचसे काम तर कागदाचे असते. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी वयाची अट साधारण १७ ते २५ वर्षे. दहावीच्या प्रमाणपत्रावरची जन्मतारीख आणि पात्रता अर्जावरची तारीख जुळली नाही तर मुलगा स्पर्धेच्या गावी पोहोचूनही बाहेर बसतो. मुलींचा संघ परगावी न्यायचा तर सोबत महिला व्यवस्थापक लागते. त्याआधी प्रत्येक मुलीच्या घरी जाऊन वडिलांना, आजीला पटवावे लागते. विडी वळणाऱ्या किंवा यंत्रमागावर काम करणाऱ्या घरातली मुलगी चार दिवस बाहेर जाते तेव्हा घरचा रोज बुडतो का, हाही प्रश्न असतो. ही पटवापटवी वर्षानुवर्षे केलेल्या शिक्षिका आपल्या शहरात आहेत. त्यांची नावे यादीत शेवटी, ‘महिला प्रतिनिधी’ म्हणून येतात. ती वर यायला हवीत. तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, तुटपुंज्या मानधनात संघ घडवणारेही आहेत. त्यांना निवृत्तिवेतन नाही, निरोप समारंभही झालेला नाही. पंच, गुणलेखक, वेळाधिकारी यांचा विचार तर अगदी क्वचित होतो.

आता निवड. नामनिर्देशन एका पानाचे मागवावे आणि त्यात विशेषणांना जागाच ठेवू नये. कोणते वर्ष, कोणते महाविद्यालय, कोणती भूमिका, कोणता खेळ, पुरावा काय, एवढेच रकाने असावेत. ‘राष्ट्रीय खेळाडू घडवले’ हे वाक्य तर अर्जात चालवूच नये. एकच खेळाडू शाळेतले सर, क्लबचे प्रशिक्षक आणि महाविद्यालयाचे संचालक असे तिघेही आपला म्हणून सांगतात, आणि तिघांचेही थोडेथोडे खरे असते. म्हणून ‘अमुक साल ते अमुक साल सराव घेतला’ असे लिहून घ्यावे. त्यात कुणाचाच वाटा खोटा ठरत नाही आणि वादही होत नाही.

पुरावा कुठे मिळतो याबाबत सोलापूरची एक वेगळी अडचण आहे. आपले विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी स्थापन झाले. त्याआधी, १९६२ पासून, जिल्ह्यातली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. साहजिकच १९७५ च्या सुमाराला नोकरीला लागलेल्या माणसाची पहिली जवळजवळ तीस वर्षे कोल्हापूरच्या दप्तरात आहेत आणि नंतरची केगावला, म्हणजे सोलापूर विद्यापीठात. फक्त केगावचे कागद पाहिले तर ज्येष्ठांचे निम्म्याहून अधिक काम दिसतच नाही आणि तुलनेने तरुण माणूस वरचढ ठरतो. विद्यापीठाच्या नोंदी मिळायला वेळ लागतो, म्हणून महाविद्यालयाच्या वार्षिकांकांपासून सुरुवात करावी. त्यात जिमखाना विभागाचा अहवाल असतो, संघाचा फोटो असतो, फोटोखाली नावे असतात. त्यानंतर युनिव्हर्सिटी कलर, म्हणजे विद्यापीठाच्या संघातून खेळल्याचा मान, मिळालेल्या खेळाडूंची प्रमाणपत्रे, स्पर्धांचे गुणपत्रक, जिमखान्याचे डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ साहित्याची नोंदवही, आणि वर्तमानपत्रांची कात्रणे. डेड स्टॉक रजिस्टर पाहायला कुणी जात नाही, पण ते फार बोलके असते. कोणत्या वर्षी खो-खोचे खांब आले, मुलींसाठी पहिल्यांदा साहित्य कधी घेतले, हे त्यात तारखेसह सापडते. या सगळ्याला दोन महिने लागतात. पंधरा दिवसांत निवड उरकायची म्हटली की ज्याची फाइल तयार आहे त्याचाच सत्कार होतो, आणि स्वतःची फाइल तयार ठेवणारा माणूस मैदानावर जास्त राबलेला असतोच असे नाही.

निवड समिती पाच जणांची पुरे. दोघे त्या महाविद्यालयाबाहेरचे, त्यात एक निवृत्त पंच. एक माजी महिला खेळाडू. एक जुने दप्तर वाचण्याची सवय असलेला माणूस. आणि एक आयोजकांचा प्रतिनिधी. ज्याने किंवा ज्याच्या घरच्यांनी या निधीला मोठी देणगी दिली आहे किंवा देणार आहे, तो समितीत नको आणि त्या वर्षी सत्काराच्या यादीतही नको. देणगीदाराचा मान राखायचाच, पण त्याला वेगळे नाव, वेगळी वेळ आणि वेगळे सन्मानचिन्ह असावे. ‘जीवनगौरव’ हा शब्द त्याला लावू नये. राष्ट्रीय पातळीवरसुद्धा पुरस्कारांची नावे विचार करून वेगळी ठेवलेली आहेत. प्रशिक्षकांसाठी १९८५ पासून द्रोणाचार्य, खेळाडूंच्या आजीवन कामगिरीसाठी २००२ पासून ध्यानचंद, ज्याच्या जागी अलीकडे अर्जुन जीवनगौरव आला, आणि विद्यापीठांसाठी १९५६-५७ पासून मौलाना अबुल कलाम आझाद करंडक. गावातल्या कार्यक्रमालाही एवढा विवेक जड नाही.

सत्कारमूर्ती तीनच असावेत. दहा-बारा जणांना बोलावले की शालींची रांग लागते आणि कुणाचेच काम लोकांपर्यंत पोहोचत नाही. तिघांना प्रत्येकी बारा मिनिटे म्हणजे छत्तीस मिनिटे, निधीचे निवेदन दहा, पाहुण्यांचे भाषण दहा, सुरुवात-शेवट मिळून वीस. साधारण सव्वा तासात कार्यक्रम आटोपतो. सत्तरी-ऐंशीतल्या माणसाला मंचावर यापेक्षा जास्त वेळ ताटकळत बसवू नये.

तारीख ठरवताना खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा राज्य क्रीडा दिन म्हणून मोह पाडतो. सोलापुरात त्या दिवशी असा कार्यक्रम ठेवू नये. सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेचे ते मुख्य दिवस. नंदीध्वजांची मिरवणूक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम मैदानावरचे होमप्रदीपन यांत सारे शहर असते, मध्यवस्तीतले रस्ते वाहनांना बंद होतात आणि वृद्ध सत्कारमूर्ती हुतात्मा स्मृती मंदिर या सभागृहापर्यंत पोहोचणे अवघड होऊन बसते. २९ ऑगस्ट, मेजर ध्यानचंद यांचा जन्मदिवस आणि राष्ट्रीय क्रीडा दिन, हा जास्त सोयीचा आहे, आणि त्यामागे पैशाचेही कारण आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा हंगाम त्यानंतर रंगात येतो. ऑगस्टअखेर जमलेला पैसा त्याच हंगामात बूट, प्रवास आणि आहारावर लागतो. फेब्रुवारीत जमवलेला पैसा पुढच्या वर्षीपर्यंत पडून राहतो आणि ज्या मुलांचे फोटो दाखवून तो मागितला ती मुले तोवर पदवी घेऊन बाहेर पडलेली असतात. गणेशोत्सव ऑगस्टच्या शेवटाला येत असेल तर आधीचा एखादा रविवार धरावा. उत्सवाच्या आठवड्यात ध्वनियंत्रणा मिळत नाही आणि व्यापाऱ्यांकडे वर्गणीची रांग लागलेली असते.

पैशाबद्दल मात्र जरा थांबून लिहायला हवे, कारण चांगल्या हेतूचे कार्यक्रम इथेच बदनाम होतात.

पहिली गोष्ट, पैसे कुणाच्या नावाने गोळा होणार? नोंदणीकृत विश्वस्त संस्था असेल तर तिच्या नावाने, तिच्याच खात्यात, शक्यतो या कामासाठी उघडलेल्या स्वतंत्र खात्यात. नुसती मित्रमंडळींची समिती असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी लागते, गणेश मंडळे घेतात तशीच. एखाद्या पदाधिकाऱ्याच्या वैयक्तिक यूपीआय क्रमांकावर पैसे घेणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग. तो माणूस कितीही प्रामाणिक असो, त्याच्या घरखर्चाच्या नोंदींत देणग्या मिसळल्या की सहा महिन्यांनी त्यालाच हिशेब लागत नाही.

दुसरी, करसवलत. देणगीवरच्या सवलतीचे कलम म्हणून लोकांच्या तोंडी ८०-जी हा शब्द पक्का आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू होत असल्याने कलमांचे आणि अर्जांचे क्रमांक बदलतात, तेव्हा पावतीपुस्तक छापण्याआधी सनदी लेखापालांकडून मजकूर तपासून घ्यावा. व्यवहारात लक्षात ठेवायचे ते असे. संस्थेला त्या सवलतीची मान्यता असेल तरच पावतीवर तसे छापावे. २ हजार रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर सवलत मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम धनादेशाने किंवा बँकेतूनच घ्यावी. वस्तुरूपाने दिलेल्या देणगीला, म्हणजे कुणी दहा जोडी बूट आणून दिले तर त्याला, ही सवलत नाही. त्याचे आभारपत्र द्यावे, पावती देऊ नये. देणगीदाराचा पॅन त्याच वेळी लिहून घ्यावा, कारण आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत संस्थेला देणगीदारांचे विवरणपत्र भरावे लागते आणि त्यावरून निघणारे प्रमाणपत्रच देणगीदाराच्या कामी येते. पॅन नंतर मागू म्हटले की मे महिन्यात फोनाफोनी होते, निम्मे लोक उचलत नाहीत, विवरणपत्र अर्धवट जाते आणि पुढच्या वर्षी तोच देणगीदार हात आखडता घेतो. नवी करप्रणाली घेतलेल्यांना ही वजावट मिळतच नाही. त्यामुळे मंचावरून ‘तुमचा कर वाचेल’ असे सरसकट सांगू नये. ५ हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचे महसूल तिकीट लावायचे, हेही विसरले जाते.

तिसरी, प्रवेशिका. जेवणासह प्रवेशिका विकली तर तिची सगळी रक्कम देणगी होत नाही, त्यात जेवणाची किंमत आहे. प्रवेशिकेचे पुस्तक वेगळे, देणगीचे वेगळे ठेवावे. लिलाव ठेवायचा असेल तर वस्तूंची यादी आणि किमान बोली आधी छापावी. एक गोष्ट कळकळीने सांगतो. सत्कारमूर्तींची स्वतःची पदके, ब्लेझर, जुनी शिट्टी असल्या वस्तू लिलावात मागू नयेत. भिडेपोटी माणूस देतो, आणि त्याच्या घरात ती जागा कायमची रिकामी होते.

तसेच थैलीचे. आपल्याकडे सत्कारमूर्तींना थैली, म्हणजे पैशांची भेट, देण्याची चांगली रीत आहे. पण थैली दिली की मंचावरूनच ‘सर ही रक्कम निधीला परत देत आहेत’ अशी घोषणा होण्याची अपेक्षा धरली जाते. ज्यांना निवृत्तिवेतन नाही, औषधांचा खर्च आहे, त्यांच्यावर हा अन्याय आहे. थैली त्यांची. ती त्यांच्या खात्यात कार्यक्रमाआधीच जमा करावी आणि मंचावर रकमेचा उल्लेखही करू नये. कुणाला मागाहून आपणहून काही द्यावेसे वाटले तर ते पावती घेऊन देतील.

घोषणांबद्दलही असेच. टाळ्यांच्या भरात कुणी एकावन्न हजार सांगतो, कुणी लाख. त्यातले किती आले याचा पाठपुरावा करणे कुणालाच गोड वाटत नाही, आणि आयोजक मात्र घोषणेच्या आकड्यावर खर्च ठरवून बसलेले असतात. यावर उपाय साधा आहे. खात्यात जमा झालेली रक्कमच वाचून दाखवायची, आणि आयत्या वेळी दिलेल्या शब्दाची चिठ्ठी घ्यायची पण ती वाचायची नाही.

खर्चाचा अंदाज आकड्यांनी पाहू. समजा ४ लाख रुपये जमले. सभागृह, ध्वनियंत्रणा, सन्मानचिन्हे, छपाई, चहापाणी यांवर पाचव्या हिश्शाहून, म्हणजे ८० हजारांहून, जास्त जाऊ नये; आणि तेही शक्यतो प्रायोजकांकडून वेगळे मिळवावे, म्हणजे देणगीला हात लागत नाही. चौकाचौकांतले फ्लेक्स आणि पाहुण्यांचे भलेथोरले पुष्पहार इथेच हा आकडा फुटतो. उरलेल्या ३ लाख २० हजारांतले २ लाख सत्कारमूर्तींच्या नावाने मुदत ठेवीत ठेवले आणि व्याज सहा टक्के धरले तर वर्षाला १२ हजार येतात. लहान वाटते, पण यात नेमके काय बसते ते पाहा. खो-खोचा बारा जणींचा संघ, पंधरा दिवसांचे सराव शिबिर, प्रत्येकीला रोज दोन अंडी, दोन केळी, पाव लिटर दूध आणि मूठभर भाजके शेंगदाणे. माणशी साठ रुपये धरले तर १० हजार ८०० रुपये होतात. म्हणजे एका शिबिराचा आहार दरवर्षी, कुणाकडे हात न पसरता, त्या सरांच्या किंवा बाईंच्या नावाने चालू राहतो. उपाशीपोटी सकाळी सहाला सरावाला येऊन भोवळ येणाऱ्या मुली ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या बारा हजारांची किंमत कळेल. बाकीचे १ लाख २० हजार त्याच हंगामात वापरावेत, म्हणजे धावपटूंना स्पाइक्स, कबड्डी-खोखोवाल्यांना गुडघ्याचे पॅड आणि स्पर्धेला जाता-येतानाचा जो प्रवास विद्यापीठाच्या टीए-डीएत, म्हणजे प्रवास आणि दैनिक भत्त्यात, बसत नाही तो. बूट वाटताना सगळ्यांना एकाच मापाचा अंदाज धरून खरेदी करू नये, मापे आधी लिहून घ्यावीत. मंचावर बूट देण्याचा फोटो तर काढूच नये. मदत घेणाऱ्या मुलाचा चेहरा वर्तमानपत्रात छापून यायची गरज नाही.

आता प्रत्यक्ष सत्कार. मानपत्र दीडशे शब्दांचे असावे, वाचायला दोन मिनिटे लागतील एवढे. त्यात वर्षे, खेळ आणि एक नेमके काम असावे. ‘क्रीडा क्षेत्रातील देदीप्यमान नक्षत्र’ असल्या शब्दांनी माणूस दिसेनासा होतो. मसुदा आठ दिवस आधी सत्कारमूर्तींच्या घरी पाठवून नावाचे स्पेलिंग आणि वर्षे तपासून घ्यावीत. आपल्या शहरात मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नड घरे मोठ्या संख्येने आहेत. म्याकल या आडनावाचे मॅकल होते, जोडाक्षरे गळतात, आडनाव आधी की नाव आधी यात गोंधळ होतो. चाळीस वर्षे काम केलेल्या माणसाच्या हाती स्वतःचेच नाव चुकलेले सन्मानचिन्ह पडले तर ते घरात भिंतीवर लागत नाही. घरच्या माणसांकडून, ते सही कशी करतात हे पाहूनच, नाव छापायला द्यावे.

चकचकीत शालीऐवजी सोलापुरी चादर द्यावी. भौगोलिक मानांकन मिळालेली ही आपल्या गावची वस्तू आहे, ती वापरली जाते आणि ती विणणाऱ्यालाही चार पैसे मिळतात. मंचाला पायऱ्या असतील तर कठडा आणि हाताला धरणारा एक विद्यार्थी ठेवावा. गुडघे गेलेले खेळाडू या वयात पायऱ्यांना घाबरतात. सत्कारमूर्तींची खुर्ची हात असलेली आणि पहिल्या रांगेजवळ असावी. बोलायला त्यांना पाहुण्यांच्या आधी उभे करावे, कारण शेवटी सभागृह रिकामे होत असते. जे येऊ शकत नाहीत, अंथरुणाला खिळलेले आहेत, त्यांच्या घरी चौघांनी सकाळी जाऊन मानपत्र वाचून द्यावे आणि संध्याकाळी मंचावरून तसे सांगावे. पुढच्या वर्षी बोलावू म्हणून थांबू नये.

सत्कारमूर्तींसोबत त्यांच्या हाताखालच्या जुन्या खेळाडूंना बोलवायचे असेल तर सहा आठवडे आधी कळवावे. बरेच जण पुणे-मुंबईत, काही हैदराबाद-बंगळूरला नोकरीत असतात, रेल्वेची तिकिटे त्यांना आधी काढावी लागतात. संघाचा जुना फोटो मोठा करून दाराशी लावावा आणि खाली नावे लिहायला कोरा कागद ठेवावा. वार्षिकांकात चुकलेली किंवा न छापलेली नावे लोक स्वतःहून त्यावर लिहितात. कार्यक्रम संपल्यावर तो कागद जपून महाविद्यालयाच्या ग्रंथालयात द्यावा.

शेवटी हिशेब. कार्यक्रमापासून नव्वद दिवसांच्या आत जमा, खर्च, शिल्लक, मुदत ठेवीचा क्रमांक आणि मदत किती जणांना, कोणत्या वस्तूसाठी, एवढे एका पानावर मांडून जिमखान्याच्या फलकावर लावावे, प्रत्येक देणगीदाराला पाठवावे आणि प्रत सत्कारमूर्तींच्या घरी द्यावी, कारण निधी त्यांच्या नावाने आहे. मुले फलकापाशी थांबून वाचतील अशा मोठ्या अक्षरांत तो छापावा, आणि पुढच्या वर्षीच्या नामनिर्देशनाचा कोरा अर्ज त्याच फलकावर शेजारी लावावा.

आपले,
शारीरिक शिक्षण, पंचगिरी आणि विश्वस्त संस्थांचे हिशेब या कामांशी निगडित काही नागरिक,
सोलापूर